खोकणारी फटफटी

एखाद्या माणसाचं भलं करण्याआधी तुम्ही त्याला शेवटचं कधी विचारलं होतं?

घाई नाही, आठवून सांगा. आम्ही विचारलं नव्हतं. आम्ही म्हणजे बदलापूरच्या कुळगावातल्या आमच्या मंडळाचे तीन कार्यकर्ते. वय विशीच्या आतबाहेर, काखेत पत्रकांचा गठ्ठा आणि येत्या जयंतीच्या आत समाज बदलून टाकायचा निर्धार. आमच्या पत्रकांत उद्गारचिन्हं इतकी असायची की छापखानेवाला म्हणायचा, "पोरांनो, उद्गारचिन्हाचे खिळे संपले. उरलेला राग पुढच्या महिन्यात छापू." आणि आम्ही ज्यांचं भलं केलं ते काका. त्यांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. बुद्धविहाराच्या मागच्या चाळीत दोन खोल्या, एक काकू आणि एक जुनी मोटारसायकल एवढा त्यांचा संसार. मोटारसायकल कुठल्या कंपनीची हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, कारण टाकीवरचं कंपनीचं नाव काकांनी कानशीने घासून काढलं होतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "कंपनीचं नाव मी गावभर मिरवतो, कंपनी माझं मिरवते का?" नावाच्या सगळ्याच पाट्यांवर त्यांचा राग होता. विहाराच्या नव्या फरशीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं दिसलं तेव्हा ते वर्षभर त्या फरशीला वळसा घालून आत जात.

त्या गाडीला दोन बाजूंना दोन सायलेन्सर होते. होते म्हणायचं एवढंच. मूळ पत्रा गंजून कधीच गेला होता, उरली होती ती ठिगळं. एका ठिगळाला धरून दुसरं, दुसऱ्याला धरून तिसरं. आणि ठिगळांचा पत्रा यायचा कुठून? निवडणुकीच्या पाट्यांमधून. तेव्हा उमेदवार आपली नावं पत्र्याच्या पाट्यांवर रंगवून खांबाखांबाला लावत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी काका पक्कड घेऊन निघायचे. पक्ष बघायचे नाहीत, फक्त पत्र्याची जाडी बघायचे. "निवडून आलेल्याची पाटी आणि पडलेल्याची पाटी, गंज दोघींना सारखाच लागतो," असं ते म्हणायचे. त्यामुळे त्यांच्या डाव्या सायलेन्सरवर "मतांनी विजयी" एवढं वाचता यायचं आणि उजव्यावर कुणाच्या तरी अर्ध्या मिशा होत्या. नवीन ठिगळ लावलं की पहिले काही दिवस रंग जळून वास सुटायचा. मागे बसलेला नाक धरायचा तेव्हा काका वळून सांगायचे, "जरा सोस. आश्वासन जळतंय."

बदलण्याला त्यांचा विरोध होता. "बदलायला अक्कल लागत नाही, दुकान लागतं," हे त्यांचं वाक्य. आम्ही व्यवस्था बदला म्हणून ओरडणारे, त्यामुळे हे वाक्य आम्हाला प्रतिगामी वाटायचं. एकदा मी पत्रकात त्यांना नाव न घेता "ठिगळवादी" म्हटलं. त्यांनी पत्रक नीट वाचलं, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि परत दिलं.

गंजाविषयी त्यांचा एक सिद्धांत होता. तो खरा होता हे मला पुढे दुसऱ्या मेकॅनिककडून कळलं. "सायलेन्सर बाहेरून गंजतो असं घासणाऱ्याला वाटतं. तो आतून गंजतो. पेट्रोल जळलं की त्याचं पाणी होतं. गाडी नीट तापली तर ते वाफ होऊन जातं. तापायच्या आत बंद केली की आत साचतं आणि खातं. आपल्या संघटनेचं तेच आहे. दर महिन्याला चालू करतो आणि तापायच्या आत चहा मागवतो."

पण काकांची गाडी तरी तापायची कधी? पंचवीसच्या वर ते जात नसत. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे त्यांचीच फटफटी, निळा झेंडा लावून, माणसाच्या चालीने, पाच-पाच तास. सायलेन्सर सडवायला याहून खात्रीचा उपाय नाही. मी एकदा म्हटलं, "काका, तुमच्याच सिद्धांताप्रमाणे मिरवणुकीनेच हे सायलेन्सर खाल्ले."

"हो."

"मग जोरात का चालवत नाही?"

"पुढचा जोरात गेला की मागचे पायी राहतात," ते म्हणाले आणि पुन्हा पत्रा कापायला लागले.

आवाजाबद्दल काय सांगू? एका ठिगळातून वाफ निघायची, दुसऱ्यातून फट्फट् आणि मधेच डावा सायलेन्सर असा अडकायचा की गाडीला ठसका लागलाय असं वाटे. चाळीतली पोरं त्या ठसक्यावर वेळ सांगायची. पुढे कित्येक वर्षांनी काका गेले तेव्हा शोकसभेत एका पुढाऱ्याने त्यांच्या शांत, संयमी स्वभावाचा गौरव केला. मागच्या रांगेत काकू पदरात तोंड घालून हसल्या.

काकूंचा जीव मात्र त्या आवाजाने मेटाकुटीला आला होता. विहारात ध्यानाला लोक बसले की काकांची पाळी सुटायची वेळ व्हायची. सगळे डोळे मिटलेले, आणि लांबून ठसका ऐकू आला की सगळे एकेक डोळा उघडून काकूंकडे बघायचे. शेवटी त्या आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही एवढी क्रांती करता, माझ्या दारातला हा गोंगाट तेवढा मिटवा."

म्हणून आम्ही आधी काकांना उल्हासनगरला नेलं. उल्हासनगरात मिळत नाही अशी वस्तू अजून कंपन्यांनी काढलेली नाही. कॅम्प तीनमधल्या एका गल्लीत सायलेन्सरवाला सिंधी सेठ बसायचा. त्याने काकांची गाडी बघितली आणि गादीवरून उतरून तिच्याभोवती एक फेरी मारली.

"साईं, ये किसने बनाया?"

"मी."

"और ये मूंछ किसकी है?"

"माजी आमदारांची."

सेठ पोट धरून हसला. मग त्याने एक चकचकीत जोडी काढून पुढ्यात ठेवली. "ये लगाओ. ऐसा माल है, बोलता ही नहीं. इंजन चालू है के बंद, हाथ लगा के देखना पडेगा."

"जी वस्तू बोलत नाही ती मला नको," काका म्हणाले.

आम्हाला वाटलं, सेठ चिडणार. तो उलट विरघळला. "सही बात है साईं. हमारा बाप इधर आया तो मिलिटरी का खाली बैरक मिला. छप्पर भी आधा. उसने भी ऐसे ही पतरा जोड जोड के घर बनाया." मग दोघं अर्धा तास पत्रा या विषयावर बोलत बसले आणि काका काहीही न घेता परतले. मी मात्र त्या जोडीचं माप मनात धरून ठेवलं होतं.

आता काकांच्या रविवारांबद्दल सांगायला हवं, कारण नुकसान तिथे झालं.

दर रविवारी काका जांभूळच्या पुढे, बारवीच्या बाजूला डोंगरात असलेल्या एका आदिवासी वस्तीवर जायचे. अकरा घरं. तिथे ते लोकांचे अर्ज लिहायचे. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शाळेतलं नाव. त्यांच्या अर्जात "कृपया" नसायचं. "विनंती" नसायची. "मागणी" असायची, आणि शेवटी एक ओळ: "उत्तर न आल्यास मी पुन्हा येईन." ही धमकी आहे, असं एका साहेबाने त्यांना सुनावलं होतं. काका म्हणाले, "नाही, वेळापत्रक आहे."

आम्ही तिघं आळीपाळीने त्यांच्या मागे बसून जायचो आणि वस्तीत पत्रकं वाटायचो. एक गोष्ट आम्हाला भारी अभिमानाची वाटे. आम्ही पोचायच्या आत वस्तीतली सगळी माणसं चिंचेखाली जमलेली असायची. डोंगरावर विखुरलेली शेतं, कुणी लाकडाला गेलेलं, कुणी गुरांमागे, तरी सगळे हजर. मी मंडळाच्या अहवालात लिहिलं होतं: "आमच्या पत्रकांमुळे वस्तीत अभूतपूर्व जागृती झाली आहे!" उद्गारचिन्हासकट.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा तालुक्याच्या कचेरीच्या फळ्यावर एक नोटीस लागली. जंगलातल्या ज्या तुकड्यांवर ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या नाचणी आणि वरी पिकवत होती, ते तुकडे त्यांच्या नावावर करून मिळण्यासाठी अर्ज करायचे होते. अर्जावर कसणाऱ्याचा स्वतःचा अंगठा हवा. नोटीस पंधरा दिवस फळ्यावर होती. वस्तीपासून तो फळा अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, आणि वस्तीत वाचता येणारं माणूस एकही नाही. काकांना ती दिसली तेव्हा मुदतीचे तीन दिवस उरले होते. सोमवार शेवटचा. काकांनी अकराही अर्ज बसून लिहिले. रविवारी अंगठे, सोमवारी कचेरी, असं ठरलं.

आणि मधल्या शनिवारी आम्ही भलं केलं.

त्या दिवशी काका एसटीने कामावर गेले होते. आदल्या संध्याकाळी गाडीला नवीन ठिगळ लावलं होतं आणि ते "बसायला" एक दिवस लागतो असा त्यांचा नियम होता. आम्ही उल्हासनगरहून ती चकचकीत जोडी आणली, जुने सायलेन्सर काढून भंगारवाल्याला दिले आणि नवे बसवले. बोल्ट मी स्वतः आवळले, पूर्ण निष्ठेने. काकूंनी आम्हाला शिरा केला.

काका आले, गाडीभोवती फिरले, किक मारली. गाडी मांजरासारखी गुरगुरली. त्यांनी कान खाली नेऊन ऐकलं.

"ठराव झाला होता का?"

"नाही काका. सरप्राइज."

"म्हणजे अतिक्रमण." पण दारात काकू उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांनी शांतता होती. काकांनी गाडी बंद केली आणि शिऱ्याची बशी हातात घेतली.

रविवारी सकाळी मी मागे बसलो, मांडीवर अर्ज आणि शाईचा पॅड. गाडी कशी अलगद निघाली! डोंगराच्या चढणीवर मला पहिल्यांदा पाखरांचे आवाज ऐकू आले. मी तसं म्हटलंही.

चिंचेखाली कुणी नव्हतं. घरांत कुणी नव्हतं. एका चुलीवर भाकरी करपत होती. शेवटच्या झोपडीत एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, कारण तिला पळता येत नव्हतं.

"कोन हाय?"

"मी आजी. अर्जवाला."

ती डोळ्यांवर हात धरून बाहेर आली. "तू? मंग वरडत का नाय आलास?"

"माणसं कुठं गेली?"

"पलाली. पोरं सांगत आली, गाडीव दोघं आलेत, कागद घेऊन, गाडीला आवाज नाय. मुकी गाडी जंगलवाल्या सायबाची. मागं आली तवा आमचे कोयते घेऊन गेली. माझा पोरगा गोमा त पार खिंडीकडं पलाला." ती काकांच्या गाडीकडे बघून हात नाचवत म्हणाली, "तुझी गाडी खोकत येते रे! खालच्या वळनाव खोकली का आमी काम सोडून खाली येतो. आज काय झाला तिला?"

मी हळूच विचारलं, "आजी, आणि आमची पत्रकं?"

"ती बरी असतात. मीठ बांधाया."

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. नुसता हात पुढे केला. "पाना."

बोल्ट निघेनात. काकांनी विचारलं, "कुणी आवळले?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "छान आवळलेत." हात भाजून घेत त्यांनी दोन्ही सायलेन्सर काढले आणि उघड्या पाइपांवर किक मारली. डोंगर हादरला. चिंचेवरचे कावळे उडाले. आम्ही वाट बघितली. कुणीही आलं नाही.

आजीने कानांवरचे हात काढले. "ह्यो त वाघ झाला. तुझी म्हातारी हाय. दम लागतो तिला."

काकांनी तिला जमिनीच्या अर्जाचं आणि अंगठ्याचं सांगितलं आणि विचारलं, "घरात पत्रा आहे का एखादा?"

आजीकडे पत्र्याचा एकच डबा होता. तिने त्यातलं नाचणीचं पीठ फडक्यावर ओतलं आणि डबा काकांच्या हातात दिला. "घे. जमीन राहिली त डबा येईल. गोम्याचा अंगठा लागला पाह्यजे, बस."

मग त्या अंगणात जे झालं ते मी पुन्हा कुठे पाहिलेलं नाही. जन्मभर यंत्रं दुरुस्त करत आलेला माणूस एक बिघाड पुन्हा घडवायला बसला होता. खिळा आणि दगड घेऊन त्यांनी डब्याला भोकं पाडली, उजवीकडे नवा सायलेन्सर परत चढवला, डबा डाव्या पाइपावर तारेने बांधला आणि आजीला समोर बसवलं.

"आता?"

"नाय. लई ग्वाड झाली."

आणखी दोन भोकं. "आता?"

"मधी अडकते ना, ती अडक आन."

डब्याचं बूड थोडं आत चेपलं. "आता?"

"अजून थोडी म्हातारी कर."

काकांनी तार सैल केली. गाडी फट्फट् करत राहिली, मग अडकली, मग तिला असा खणखणीत ठसका लागला की आजीने टाळी वाजवली. "आली! आली बघ!"

पहिलं माणूस करवंदीच्या जाळीतून बाहेर आलं, मग दुसरं. दुपारपर्यंत दहा घरांची माणसं उतरली आणि दहा अंगठे कागदावर उमटले. अकरावा गोमा. तो खिंड ओलांडून पलीकडे गेला होता, आणि खिंडीपलीकडे म्हातारीचाही आवाज पोचत नव्हता. उन्हं कलेपर्यंत काका दर थोड्या वेळाने किक मारत राहिले. आजी उंबऱ्यात बसून खिंडीकडे बघत होती.

सोमवारी काकांनी कामाला दांडी मारली. आयुष्यातली बहुधा पहिली. सकाळी दहा अर्ज मी कचेरीच्या खिडकीत दिले, दहांवर शिक्के पडले. काका डोंगरात गेले होते. चारच्या सुमारास कचेरीच्या आवारात ठसका ऐकू आला. गोमा मागे बसला होता, भेदरलेला, दोन्ही हातांनी काकांचा सदरा धरून. कचेरी बंद व्हायला अजून तासभर होता. मला इतका आनंद झाला की मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला.

गोमाचा अंगठा लागला. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी शिक्का मारला. काकांना शिक्का वाचायची सवय होती.

"भाऊसाहेब, तारीख उद्याची पडलीय."

"हो. शिक्का उद्याचा लावून ठेवलाय."

"आज संपला नाही अजून."

"संपतोच आहे की. सकाळी गर्दीत कोण फिरवत बसणार? मी रोज जेवण झालं की फिरवून टाकतो."

"मग मागे फिरवा."

भाऊसाहेबांना खरोखर धक्का बसला. "मागे? अहो, ते बेकायदेशीर आहे!"

काकांनी त्या दिवशी आवाज चढवला. साहेबांना भेटले, लेखी तक्रार दिली. साहेबांनी ती शांतपणे घेतली आणि तिच्यावरही शिक्का मारायला भाऊसाहेबांकडे पाठवली. त्या शिक्क्यावर अर्थातच मंगळवार होता. गोमा कोपऱ्यात उभा राहून अंगठ्याची शाई धोतराला पुसत होता.

दहा तुकड्यांची मोजणी झाली. अकरावा अर्ज "मुदतबाह्य" म्हणून परत आला. काका वर्षानुवर्षं अपील करत राहिले. उत्तर न आल्यास पुन्हा येईन, असं लिहिलं होतं, म्हणून पुन्हा जात राहिले. आजीच्या तुकड्याभोवती तारेचं कुंपण पडलं आणि आत सागाची रोपं लागली. त्यांतली निम्मी पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, पण कुंपण टिकलं. आजी ते बघायला फार दिवस राहिली नाही. नव्वदनंतर वांगणीकडे मुंबईवाल्यांची फार्महाउसं उभी राहिली. तिथल्या एकावर गोमा माळी म्हणून लागला. ज्याला स्वतःच्या नाचणीला जमीन मिळाली नाही, तो परक्याच्या हिरवळीला दोन वेळा पाणी घालायचा.

शिक्का भाऊसाहेबांनी मारला हे खरं. पण रविवार आम्ही घालवला होता. हे मी कुठल्याही अहवालात लिहिलं नाही. आज लिहितोय.

काकांनी आम्हाला दोष दिला नाही. आम्ही त्याचीच वाट बघत होतो, कारण दोष मिळाला असता तर बरं वाटलं असतं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी फक्त एक ठराव मांडला: पत्रकं बंद. त्याऐवजी दर सोमवारी एका कार्यकर्त्याने कचेरीत जायचं, फळ्यावरच्या सगळ्या नोटिसा हाताने उतरवून घ्यायच्या आणि ज्यांच्यासाठी त्या लावल्या आहेत त्यांच्या वस्तीत जाऊन वाचून दाखवायच्या. ठरावाच्या बाजूने सुरुवातीला काका एकटेच होते. मग मी हात वर केला.

आम्ही ते काही वर्षं केलं. मग कुणाला नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं. फळे मात्र जागेवर आहेत.

तेव्हा वाचकहो, हे वाचून मान डोलावू नका. तुमच्या तालुक्याच्या कचेरीत आज एक नोटीस लागलेली आहे, काचेमागे, बारीक अक्षरात. उद्या अर्धा तास काढा. ती उतरवून घ्या. ती कुणासाठी आहे ते बघा आणि त्यांच्या दाराशी जाऊन मोठ्याने वाचा. शेवटची तारीख दोनदा वाचा.